सत्तेचाळीस नंबरचं रक्त

१

ज्या बाईचे रक्ताचे रिपोर्ट सगळ्यांत चांगले होते, तीच मेली.

हे मला फोनवर कळलं तेव्हा मी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. फोन मोठ्या डॉक्टरांचा होता. सगळं शहर त्याला मोठे डॉक्टर म्हणतं. माझ्या हाताखाली शिकायला होता तेव्हा सूक्ष्मदर्शकाची काच पुसायलासुद्धा विसरायचा, पण ते आता कोणाला सांगणार! मी जन्मभर यकृताचे तुकडे काचेवर ठेवून माणूस कशानं गेला ते सांगत आले. निवृत्त झाल्यावर त्यानं मला त्याच्या औषधचाचणीच्या देखरेख समितीवर घेतलं. शोभेला घेतलंय असंच मी धरून चालले होते.

"शेवटचा रिपोर्ट कधीचा?" मी विचारलं.

"गेल्या आठवड्यातला, मॅडम. विषाणू नाही, सूज नाही, सगळं स्वच्छ. आणि परवा ती इमर्जन्सीत आली ती पिवळीधम्मक, बेशुद्ध. काल सकाळी गेली."

"यकृत?"

"काही शिल्लकच नव्हतं."

मी तांब्या खाली ठेवला. यकृत फार सोशिक असतं. वर्षानुवर्षं मार खातं आणि हूं की चूं करत नाही. आठवडाभरापूर्वी ठणठणीत असलेलं यकृत असं अचानक संपलं, तर माणसाच्या पोटात विष गेलंय असाच संशय पहिल्यांदा येतो. आणि त्या बाईच्या पोटात रोज त्याचंच नवं औषध जात होतं.

औषध काय होतं ते सांगते. बी कावीळ एकदा अंगात मुरली की जात नाही. रोजची एक गोळी विषाणूला झोपवून ठेवते, तीही जन्मभर घ्यायची. पण काहींच्या यकृतात सूज आतल्या आत धुमसतच राहते आणि यकृत टणक होत जातं. ती सूज विझवायची गोळी यानं शोधली होती. चाचणीतल्या प्रत्येकाला एक पाकीट मिळायचं. त्यात नेहमीची गोळी असायची आणि शिवाय नवी गोळी. नवी म्हणजे निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कोणाला कुठली, हे डॉक्टरलाही माहीत नसतं.

"सोमवारी समिती बसतेय," तो म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "तोवर दुसरं कारण सापडलं नाही तर औषध बंद. कायमचं. मॅडम, यातल्या बऱ्याच जणांना दुसरं काहीही नाही."

"येते मी."

"आणखी एक. तिची धाकटी बहीण सकाळपासून बाहेर बसलीय."

"भांडायला आली असेल."

"नाही ना! हात जोडून सांगतेय की औषध बंद करू नका."

२

मेलेल्यांचे नातेवाईक मी भरपूर पाहिलेत. काचा फोडणारे पाहिले, डॉक्टरची गचांडी धरणारे पाहिले, भिंतीला डोकं टेकून उभे राहणारे पाहिले. पण ज्या औषधानं सख्खी बहीण गेली असावी, त्याच औषधाची वकिली करणारी बाई मला पहिल्यांदाच भेटत होती.

ती लोखंडी बाकाच्या टोकाला बसली होती. बारीक, गोरी, डोळ्यांखाली काळं. मांडीवर एका लहान मुलीचा स्वेटर घडी करून ठेवला होता. बालवाडीत शिकवते म्हणाली.

"आणि ताई?"

"बुटांच्या कारखान्यात होती. तळवे चिकटवायची." तिनं बाकावर मला जागा करून दिली. "सगळे तिला रेडिओ म्हणायचे. एकदा लागली की बंदच व्हायची नाही. आई आमची याच दुखण्यानं गेली. आम्हा दोघींना ते तिच्याकडूनच आलं. पुढे ताईनंच मला वाढवलं, माझं लग्नसुद्धा तिनं करून दिलं. स्वतः मात्र राहिली तशीच."

"शेवटी शेवटी आजारी दिसत होती का?"

"मला भेटलीच नाही हो. सर्दी झालीय म्हणाली, पोरीला लागेल, येऊ नकोस. आवाज ओढलेला वाटला, पण मी म्हटलं सर्दीच असेल." आणि ती रडायला लागली. अगदी मनापासून रडत होती, त्यात नाटक नव्हतं.

मी थांबले. मग विचारलं, "औषध बंद करू नका असं का म्हणताय?"

रडणं एकदम थांबलं. तिनं स्वेटरची घडी मोडली आणि परत घातली.

"बाकीची माणसं आहेत ना. त्यांचं काय?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"नाही. ताईची तशी इच्छा होती."

माझ्या मनात पाल चुकचुकली. बहिणीच्या अंगाची ऊब अजून गेली नाही आणि ही अनोळखी माणसांची काळजी करतेय. इतकं मोठं मन कोणाचं नसतं असं नाही, पण असली माणसं बोलताना स्वेटरशी चाळा करत बसत नाहीत.

मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले तर तो हातात एक कागद धरून उभाच होता. चेहरा पांढराफटक.

"इमर्जन्सीत घेतलेलं रक्त आत्ता तपासून आलं," तो म्हणाला. "विषाणू कोट्यवधी आहेत, मॅडम. कोट्यवधी!"

३

कोट्यवधी! म्हणजे विषबाधा नव्हतीच. झोपवलेला विषाणू उठला होता, त्याच्यावर शरीर तुटून पडलं होतं आणि त्या हाणामारीत यकृत गेलं होतं. आणि हे काही आठवड्यात होत नाही. विषाणू इतका माजायला महिने जातात.

म्हणजे गेल्या आठवड्यातला तो स्वच्छ रिपोर्ट खोटा होता. त्याआधीचेही असणार.

"तू केलेस का रे?" मी सरळ विचारलं. माझं वय झालंय, आडवळणं घ्यायला वेळ नाही.

तो रागावला नाही, नुसता खुर्चीत बसला. "मनात येईल कोणाच्याही, मला कळतंय. माझं सगळं आयुष्य या गोळीत गेलंय. पण मशीनमधून आकडे थेट औषधकंपनीच्या मध्यवर्ती कॉम्प्युटरला जातात. मला ते नंतर दिसतात. हात लावायचा म्हटलं तरी लावता येत नाही."

ते खरं होतं, मीच तो नियम मंजूर केला होता. मग उरला लॅबवाला. त्याला तिथे घड्याळ म्हणतात. ठरलेल्या वेळी येतो, ठरलेल्या वेळी डबा उघडतो आणि तुम्ही दोन मिनिटं उशिरा आलात तर भिंतीकडे बघतो. मी त्याला धारेवर धरलं.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल."

"माझ्याकडे?" त्याला इतका अपमान वाटला की तो उभा राहिला. "बरं, झाली म्हणा. हिचं खराब रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं. मग त्या दुसऱ्याचा रिपोर्ट बोंबलला पाहिजे ना? दाखवा मला कोणाचा बोंबललाय! आणि एकदा होईल हो. दर महिन्याला, त्याच बाईच्या बाबतीत?"

बोलायला काही जागाच ठेवली नाही पठ्ठ्यानं. मशीन बरोबर होतं, नळी बरोबर होती, आकडेही बरोबर होते. मग चूक कुठे होती?

मी जिन्याच्या वळणावर उभी राहून विचार करत होते. रक्त बाईच्या अंगातून निघतं तेव्हा ते बाईचं असतं. ते 'सत्तेचाळीस नंबरचं', म्हणजे चाचणीतल्या तिच्या नंबरचं, होतं नळीवर चिठ्ठी लागते तेव्हा. या दोन गोष्टींच्या मध्ये एकच माणूस उभं असतं.

मी सिस्टरच्या खोलीचं दार ढकललं.

४

सिस्टर जाडजूड, हसऱ्या आणि भयंकर घाबरलेल्या होत्या. मी बसायच्या आधीच त्यांनी मला सुई कशी टोचते, कापूस कुठे टाकते, सगळं सांगून टाकलं.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "ती बाई कशी होती ते सांगा."

"सत्तेचाळीस नंबर? चांगल्या होत्या हो."

"नाव माहीत नव्हतं?"

"नाव विचारायचंच नसतं, मॅडम! नियमच आहे तसा. नावं फक्त डॉक्टरांच्या कुलपातल्या वहीत; कार्डावर नंबर, नळीवर नंबर. फोटो नाही. मास्क लावूनच यायचं. या दुखण्याची लोकांना लाज वाटते. कळलं तर नोकरी जाते, ठरलेलं लग्न मोडतं. पहिल्याच महिन्यात एका माणसाला इथे त्याच्या शेजाऱ्यानं ओळखलं आणि त्यानं जे तोंड फिरवलं ते परत आलाच नाही. तेव्हापासून आम्ही चेहऱ्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं. कार्ड दाखवलं, बाही वर केली, झालं."

मी डोक्याला हात लावला. इतकी काळजी घेतली होती त्यांनी, इतक्या प्रेमानं घेतली होती, की त्या खोलीत कोणीही येऊन कोणाचंही रक्त देऊन गेलं असतं.

"चेहरा नाही पाहिलात. आवाज तर ऐकलात?"

सिस्टर आठवायला लागल्या. "आता म्हणताय तर… पहिल्यांदा आल्या तेव्हा केवढ्या बोलल्या! माझ्या गुडघ्याची चौकशी केली, माझ्या सासूबाईंची केली. डॉक्टरांच्या चालण्याची नक्कल करून दाखवली, मला हसू आवरेना, सुई तशीच हातात. पुढच्या महिन्यापासून मात्र एकदम गप्प. कार्ड द्यायच्या, हात पुढे करायच्या, मान वळवायच्या. मी म्हटलं, घरी काहीतरी झालं असेल. खोदून कशाला विचारायचं?"

"पहिल्यांदा एकट्याच आल्या होत्या?"

"नाही, दोघी होत्या ना! बहिणी असाव्यात. दोघींची तपासणी झाली. एकीला घेतलं, दुसरीला परत पाठवलं. तिचं यकृत आधीच टणक झालेलं, तसल्यांना चाचणीत घेत नाहीत, जोखीम असते. ती बाहेर जिन्यावर बसून रडत होती. आणि ही तिच्या पाठीवरनं हात फिरवत काहीतरी सांगत होती. फार वेळ सांगत होती."

"काय सांगत होती?"

"ते कसं ऐकू येणार? पण रडणारी मधेच थांबली आणि 'छे, छे, भलतंच' म्हणाली. तेवढं ऐकलं मी."

५

तुम्हाला कळलंच असेल. मलाही कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि समितीपुढे ठेवणं वेगळं. मी सत्तेचाळीस नंबरचे सगळे रिपोर्ट मागवले आणि चष्मा पुसून बसले.

डॉक्टर लोक काय बघतात? विषाणू आणि सूज. दोन्ही छान. मी खाली गेले, जिथे कोणी बघत नाही तिथे. प्लेटलेट्स. पहिल्या तपासणीत भरपूर. दुसऱ्या महिन्यात जवळजवळ निम्म्या! यकृत टणक झालं की रक्त प्लीहेत तुंबतं आणि प्लेटलेट्स उतरतात. तशा त्या एका महिन्यात उतरत नाहीत, त्याला वर्षं लागतात.

"हे तुला दिसलं नाही?" मी मोठ्या डॉक्टरांना हाक मारून विचारलं.

"दिसलं होतं. नळीत रक्त गुठळलं असेल असं वाटलं. होतं तसं कधीकधी."

"दर महिन्याला गुठळलं?"

त्यानं कागद पुढे ओढला. मग त्यानं वाकून पाहिलं आणि त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. "मॅडम, या नंतर चढत गेल्यात."

मीही तेच बघत होते. महिन्यामागून महिना, थोड्या थोड्या, पण चढतच. कोण्या टणक यकृताच्या बाईचं यकृत मऊ पडत होतं. उभ्या आयुष्यात मी असं क्वचित पाहिलं होतं. क्षणभर मला आनंद झाला. मग आपण कशासाठी बसलोय ते आठवलं.

घड्याळाला मी शीतपेटीतले साठवलेले नमुने काढायला लावले. "रक्तगट बघ. पहिल्या तपासणीचा, नंतरच्या सगळ्यांचा आणि इमर्जन्सीतला."

"चाचणीत रक्तगट बघत नाहीत," तो म्हणाला.

"म्हणून तर बघायचा."

तो जेवायच्या सुट्टीतसुद्धा काम करत राहिला. मग त्या माणसाला मी पहिल्यांदा पळताना पाहिलं.

"पहिला नमुना ओ. इमर्जन्सीतला ओ. मधले सगळे…" त्याला धाप लागली होती. "मधले सगळे बी आहेत!"

६

बालवाडी सुटली होती. धाकटीच्या वर्गात मला बसायला इवलीशी लाल खुर्ची मिळाली. माझे गुडघे हनुवटीला लागले. तिची मुलगी कोपऱ्यात ठोकळ्यांचं काहीतरी रचत होती.

"तुमचा रक्तगट कोणता?" मी विचारलं.

"बी," ती सहज म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मी समोर पाहिलं. तिनं आधी मुलीकडे पाहिलं, मग दार लोटून घेतलं.

"औषध बंद होईल का माझं?"

"आधी सगळं सांगा."

"मी नको म्हणत होते," ती म्हणाली. "खरंच, मी भलतंच म्हणाले तिला. पण ताईनं ठरवलं की ठरवलं. तिचं यकृत मऊ, माझं टणक. ती म्हणाली, 'मला काय धाड भरलीय? तुझी पोर एवढीशी आहे. तुला घेत नाहीत ना, मग माझ्या नंबरावर तू जा. तिथे काही कोणी तोंड बघत नाही.' तपासणी तिनं दिली आणि कार्ड माझ्या हातात ठेवलं. एवढे महिने मीच येत होते. तोंड उघडलं नाही, ताईसारखं मला बोलता येत नाही, आवाजावरून ओळखतील म्हणून."

"आणि ताई कुठली गोळी घेत होती? चाचणीत आल्यावर दवाखान्यातली तिची नेहमीची गोळी बंद झाली असणार."

"त्याचाही विचार केला होता ना आम्ही! तुमच्या पाकिटात नेहमीची गोळी असतेच. मग मला दवाखान्यातून मिळणाऱ्या उरतात. त्या मी दर महिन्याला तिला नेऊन द्यायचे. कोणाचंच काही कमी पडत नव्हतं." ती माझ्याकडे बघत राहिली. "यात चूक कुठे होती, डॉक्टर? मी परवापासून तेच शोधतेय. काय चुकलं?"

मी मनातल्या मनात पुन्हा सगळं मांडून पाहिलं. लबाडी होती, पण धोका नव्हता. खरोखरच कोणाचं काही कमी पडत नव्हतं. या बेतात कोणी मरायला नको होतं.

"त्या गोळ्या ती घेत होती?" मी विचारलं.

"हो. म्हणजे मी देत होते ना."

"घेताना पाहिलंस कधी?"

मी तिला अगं-तुगं करायला लागले होते, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.  तिनं मुलीला शेजारणीकडे सोडलं आणि ताईच्या खोलीची किल्ली काढली.

७

एकच खोली. खाट, शेगडी, खुंटीला कारखान्याचा डगला. त्याला अजून चिकटद्रव्याचा वास येत होता. धाकटीनं टेबलाचे खण पाहिले, शेगडीमागचं फडताळ पाहिलं. कुठेही गोळीचं एकसुद्धा रिकामं पाकीट नव्हतं. एवढे महिने रोज गोळी घेणाऱ्या माणसाच्या घरात एक तरी फोडलेली पट्टी सापडायला हवी.

"टाकून देत असेल ती," धाकटी म्हणाली. स्वतःलाच सांगत होती.

मी खाटेवरची जाड रजई उचलली, तर ती कुरकुरली. एका कडेची शिवण उसवून पुन्हा हातानं टाके घातले होते. धाकटीनं ते दातांनी तोडले.

आतून पट्ट्या पडायला लागल्या. एकावर एक, नव्याकोऱ्या. एकही गोळी काढलेली नव्हती. तिनं दर महिन्याला नेऊन दिलेल्या सगळ्याच्या सगळ्या तिथे होत्या.

"का?" ती म्हणाली. "का गं ताई?"

तिला उत्तर माहीत होतं. थोड्या वेळानं तिनंच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या होत्या, कितीतरी आठवडे येतच नव्हत्या. ताई तेव्हा कारखान्याला दांडी मारून गावभर फिरली होती, आधी धाकटीसाठी, उरल्या तर स्वतःसाठी. "चाचणी काय, आज आहे उद्या नाही, असं म्हणायची ती. मग तुला काय घालू, म्हणायची. मला वाटायचं नुसतंच बोलतेय. ती तर सारखीच बोलायची."

आणि हे दुखणं मेलं दुखत नाही. हीच त्याची लबाडी. गोळी सोडल्यावर पहिले काही महिने बाईला अगदी ठणठणीत वाटलं असणार. तिनं स्वतःशी म्हटलं असेल, बघा, मला कुठे काय होतंय.

"पण पिवळी पडल्यावर तरी…" धाकटी बोलता बोलता थांबली.

आता हे मलाच बोलायचं होतं. "पिवळी पडल्यावर ती आमच्याकडे येऊ शकत नव्हती. आमच्या फायलीत सत्तेचाळीस नंबर ठणठणीत होता. ती कुठल्याही दवाखान्यात गेली असती तरी आम्हाला कळलं असतं आणि त्याच दिवशी तुझं औषध बंद झालं असतं. म्हणून सर्दी सांगितली तुला. तुझी त्या महिन्याची भेट होऊन नवं पाकीट तुझ्या हातात पडेपर्यंत थांबली ती. मग शेजाऱ्यांनी उचलून आणली."

ती जमिनीवर बसली. त्या पट्ट्यांमध्येच बसली. तिनं एकेक पट्टी उचलून मांडीवर रचायला सुरुवात केली, आणि मला वाटलं, रडेल तर बरं.

८

सोमवारी सकाळी ती आपण होऊन माझ्याकडे आली. समिती दुपारी होती. माझं निवेदन टेबलावर अर्धवट पडलं होतं.

"लिहा खरं ते," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

"बस आधी. खरं लिहिलं तर तुझं औषध आजपासून बंद. कायमचं. तू कधीच चाचणीत नव्हतीस असं धरतील. हे औषध बाजारात नाही, कोणी विकतही देणार नाही. मोठ्या डॉक्टरांनी कंपनीला विनवण्या करून पाहिल्या. त्यांनी काखा वर केल्या."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर ताई औषधानं गेली असं ठरेल. सगळ्यांचंच बंद."

"म्हणजे माझं दोन्हीकडून जातंच," ती म्हणाली. शाळेत पोरांना समजावावं तसं स्वतःला समजावत होती. "मग बाकीच्यांचं तरी राहू दे. त्या दिवशी मी तुम्हाला बाकीची माणसं म्हणाले, ते खोटंच म्हणाले होते."

मला तिची कीव आली आणि तिच्या ताईचा भयंकर रागही आला. एवढी शहाणी बाई! रोज एक गोळी, फक्त एक गोळी तोंडात टाकायची होती. आज दोघी असत्या.

"एक सांगाल?" तिनं विचारलं. "मी घेत होते ते खरं औषध होतं का पीठ?"

मरण आलं की त्या नंबरची गोळी कुठली होती ते समितीला उघडून बघता येतं. मी शनिवारीच पाहिलं होतं. तिला सांगायचं की नाही, यावर माझी झोप उडाली होती. खोटं बोलायची पूर्ण तयारी करून बसले होते. पण तिनं असं थेट डोळ्यांत पाहिलं की माझ्याच्यानं झालं नाही.

"खरं होतं," मी म्हटलं. "आणि लागूही पडत होतं. सगळ्या चाचणीत कोणाला पडलं नाही इतकं."

मला वाटलं होतं तिला निदान तेवढं तरी समाधान होईल. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"पीठ असतं तर बरं झालं असतं हो," ती आतून म्हणाली. "नुसती चिडले असते तिच्यावर. वेडी कुठली, म्हटलं असतं. आता काय म्हणू? मला बरं वाटत होतं, डॉक्टर. जिना चढताना धाप लागत नव्हती. पोरीला उचलून घेता येत होतं."

 तिची नेहमीची गोळी चालू राहील, विषाणू झोपलेला राहील, पण ती सूज परत येईल आणि यकृत पुन्हा टणक व्हायला लागेल. हे तिला ठाऊक होतं. तिनं आईचं पाहिलं होतं.

तिनं डोळे पुसले. पर्समधून चाचणीचं पाकीट काढलं, शेवटच्या भेटीत मिळालेलं, आणि माझ्यापुढे ठेवलं. उरलेल्या गोळ्या परत करायच्या असतात हे तिला सांगावं लागलं नाही.

"आजची घेतलीस?" मी विचारलं.

"नाही. घ्यायची का नाही कळेना."

नियमाप्रमाणे ती एक गोळीसुद्धा आता तिची नव्हती. मी पट्टीतून ती काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा ग्लास भरून पुढे सरकवला. तिनं गोळी गिळली, ग्लास रिकामा केला. मग मी पाकीट खणात ठेवून कुलूप लावलं आणि निवेदन पुरं करायला घेतलं.